पटावरची मुले, फळ्यापुढचे शिक्षक

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या शाळांच्या वर्षात ३० सप्टेंबर या तारखेला असाधारण महत्त्व आहे. त्या दिवशी शाळेच्या पटावर जेवढी मुले असतील, त्यावरून त्या शाळेत किती शिक्षक असावेत हे निश्चित होते. शिक्षण विभागाच्या परिभाषेत या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. पट राहिला तर पद राहते. पट घसरला तर पद जाते आणि त्या पदावरचा शिक्षक 'अतिरिक्त' ठरून समायोजनासाठी दुसऱ्या शाळेत रवाना होतो. जितकी मुले तितके शिक्षक, हा हिशेब वरकरणी बिनचूक वाटतो. परंतु या हिशेबात मुलांची डोकी तेवढी मोजली जातात. ती मुले कोणत्या घरांतून येतात, घरी त्यांच्या अभ्यासाला कोणाचा आधार आहे, वर्षातले किती महिने ती त्या गावात असतात, यांसाठी त्यात रकानाच नाही. ज्या शाळांतून गेल्या तीस-चाळीस वर्षांत मध्यमवर्ग जवळजवळ संपूर्णपणे बाहेर पडला, त्या शाळांच्या बाबतीत नेमका हाच रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.

इयत्ता सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा या दृष्टीने विशेष नाजूक म्हटला पाहिजे. पहिली-दुसरीच्या वर्गात एखादा कष्टाळू शिक्षक सर्व विषय समर्थपणे सांभाळू शकतो. सहावीपासून मात्र गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल आणि तीन भाषा हे सारे आपापल्या अधिकाराने वर्गात येतात आणि प्रत्येकाला जाणकार शिकवणारा लागतो. अकरा ते चौदा या वयातच गरिबाघरची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबू लागते आणि मुलगा हाताशी आला म्हणून कामाला जुंपला जातो. शाळेत मन रमले, एखादा विषय गोडीने समजू लागला, तर हेच मूल आईबापांशी भांडून शाळेत येते. गणित सुटले, इंग्रजीची भीती बसली, की ते निमूटपणे शाळेबाहेर पडते. दहावीच्या निकालात दिसणारे अपयश बहुधा सहावी-सातवीतच पेरले गेलेले असते. म्हणूनच या तीन वर्गांत कोण बसले आहे आणि त्यांना कोण शिकवीत आहे, हे दोन प्रश्न एकत्रच विचारावयास हवेत.

एका बाकाची परंपरा

सार्वजनिक शाळा ही केवळ सरकारी सोय आहे, अशी समजूत अलीकडे रूढ झाली आहे. महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळापुढे मांडले. परक्या सरकारने ते फेटाळले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्यांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा त्यांनी १९१९ मध्ये बंद केल्या आणि ती मुले इतर मुलांबरोबर एकाच शाळेत बसतील अशी आज्ञा दिली. मूल शाळेत येणे पुरेसे नाही, ते कोणाशेजारी बसते यालाही अर्थ आहे, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या रत्नागिरीतील स्थानबद्धतेचा काळ १९२४ ते १९३७ असा. त्या काळात त्यांनी हाती घेतलेल्या सामाजिक कार्यात पतितपावन मंदिराची आठवण सर्वांना असते. परंतु शाळांमधून सर्व जातींची मुले सरमिसळ बसविण्यासाठी त्यांनी गावोगाव जे झगडे दिले, त्यांचे मोल तेवढेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत दाखल झाले, तीही सरकारी शाळाच होती. तेथे त्यांना जे भोगावे लागले ते हिंदू समाजाला भूषणावह नाही. पण त्या शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडले गेले, म्हणून या राष्ट्राला त्याचा घटनाकार मिळाला, हेही तितकेच खरे.

या सर्व प्रयत्नांमागचे सूत्र एकच होते. गावातील सर्व घरांतील मुलांनी एका छपराखाली, एका शिक्षकापुढे बसावे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळा आणि परिसर शाळा यांचा जो आग्रह धरला, तो याच सूत्राचा पुढचा धागा होता. त्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला तरुण गावात शिकलेला म्हणून मान्यता पावे, त्याला शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळे. सातवीपर्यंतची मराठी शाळा म्हणजे गावाचे विद्यापीठच होते. पोस्टमास्तरांचा मुलगा, वाण्याचा मुलगा, कुळाचा मुलगा आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतला मुलगा अशी चारी मुले त्या एका शाळेत शिकत. समरसतेचा पाठ कोणी शिकवावा लागत नसे. निदान तो शिकण्याची जागा उपलब्ध होती.

बाक कोणी रिकामे केले?

ती जागा आज उरली आहे काय? मुंबई महानगरपालिकेच्या मराठी शाळांचे चित्र याबाबत पुरेसे बोलके आहे. २०१०-११ च्या सुमारास या शाळांत एक लाखाच्या आसपास मुले शिकत होती. दहा वर्षांत ती संख्या पस्तीस हजारांच्या आत आली. त्याच महापालिकेच्या हिंदी आणि उर्दू माध्यमांचा पट या काळात मराठीच्या पुढे गेला. या आकड्यांवरून दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. वस्तुतः त्यात दोष देण्यासारखे काही नाही. ज्यांना त्या शाळांची गरज वाटली त्यांनी आपली मुले तेथे पाठवली. मराठी माणसाने मराठी शाळेतून आपले मूल काढून घेतले आणि नंतर मराठी शाळा बंद पडत असल्याबद्दल व्याख्यानमालांतून हळहळ व्यक्त केली. दादर, गिरगाव, परळ या भागांतील जुन्या शाळांच्या इमारती या विसंगतीच्या साक्षीदार आहेत.

मोठ्या शहरांपुरतेच हे मर्यादित नाही. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या सकाळी वाड्यावस्त्यांवर फिरू लागल्या, तेव्हापासून ग्रामीण भागातील सुस्थित शेतकरी, व्यापारी आणि नोकरदार हेही याच मार्गाने निघाले. यात स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे काही शिक्षकही आहेत. परिणामी नगरपालिकेच्या उच्च प्राथमिक शाळेत आज प्रामुख्याने बांधकाम मजुरांची, घरकाम करणाऱ्या भगिनींची, हातगाडीवाल्यांची आणि परप्रांतातून पोटासाठी आलेल्यांची मुले दिसतात. ग्रामीण शाळेत अल्पभूधारक, शेतमजूर, भटके-विमुक्त आणि वनवासी यांची मुले दिसतात. यांतील कित्येक मुले त्यांच्या घराण्यात सातवीच्या वर्गात पोहोचलेली पहिलीच आहेत.

मध्यमवर्ग बाहेर पडल्याने शाळेचे जे नुकसान झाले ते केवळ पटाचे नाही. पूर्वी वर्गात गणिताचा शिक्षक महिनाभर नसला, तर वकील, डॉक्टर, बँकेतले कारकून असे चार पालक शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहत. अधिकाऱ्यालाही त्यांचे ऐकावे लागे. आज त्याच वर्गातील मुलाची आई सकाळी सहाला कामावर जाते आणि रोज बुडाला तर तिची चूल पेटत नाही. तिने कोणत्या दारात जावे? ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांनी पाठ फिरवली आणि शाळेचा आवाजच बंद झाला. शासकीय शाळांच्या दुरवस्थेचे खापर शिक्षकांवर आणि शासनावर फोडताना हा भाग सोयीस्करपणे विसरला जातो.

मुलांना पुन्हा एका बाकावर आणण्याचा प्रयत्न कायद्याने झाला नाही असे नाही. २००२ मध्ये अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या काळात ८६ वी घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यातून पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवण्याची तरतूद त्यात आहे. पण २०१४ च्या प्रमती खटल्यातील निकालाने सर्व अल्पसंख्याक शिक्षणसंस्था या कायद्याच्या कक्षेतून बाहेर गेल्या. शहरांतील ज्या नामांकित शाळांत बहुसंख्य समाजातील सुखवस्तू घरांची मुले मोठ्या संख्येने शिकतात, त्यांतील कितीतरी शाळा अल्पसंख्याक या बिरुदाखाली या सामाजिक कर्तव्यातून मुक्त झाल्या. गरीब मूल कोणत्याही धर्माचे असो, त्या शाळेचे दार त्याला बंदच राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी या निकालाच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले, हे स्वागतार्ह आहे. दुसऱ्या बाजूने, राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट देण्याचा घाट घातला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो रद्द केला, हे योग्यच झाले. शेजारी सरकारी शाळा आहे, म्हणून गरिबाने तेथेच जावे आणि श्रीमंताने दुसरीकडे, हा नियम शाहू छत्रपतींच्या महाराष्ट्राला शोभणारा नव्हता.

तिघांचे काम एकाकडे

आता शिक्षकांकडे वळावयास हवे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी स्पष्ट निकष दिले आहेत. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तीन गटांसाठी किमान एकेक शिक्षक असावा. पस्तीस मुलांमागे एक हे प्रमाण त्याखेरीज. पट शंभरावर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असेही हाच कायदा सांगतो. याचा सरळ अर्थ असा, की सहावी ते आठवीच्या शाळेत पट साठ असो वा शंभर, तीन विषयगटांचे तीन शिक्षक ही किमान पातळी आहे. मुले कमी झाली म्हणून विज्ञान शिकवणे थांबत नाही.

व्यवहारात काय घडते? १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे जे नवे निकष आणले, त्यांनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसहून कमी मुले असतील तर तेथे नियमित पदच मंजूर होऊ नये अशी वेळ आली. शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांत सेवानिवृत्त अथवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचे ठरले. २५ सप्टेंबरला राज्यभरातील शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णय मागे घ्यावा लागला. एका वर्षात धोरणाने घेतलेली ही वळणे पाहिली म्हणजे, डोंगरातल्या एखाद्या सातवीच्या वर्गात पुढच्या जूनमध्ये कोण शिकवणार हे सांगणे मुख्याध्यापकालाही का कठीण जाते, ते लक्षात येते.

भरतीची कहाणीही अशीच आहे. मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले. त्यानंतर पवित्र पोर्टलद्वारे भरती करण्याचे ठरले आणि डिसेंबर २०१७ मध्ये पहिली अभियोग्यता चाचणी झाली. दुसरी चाचणी २०२३ उजाडेपर्यंत झाली नाही. मधल्या वर्षांत जुने शिक्षक निवृत्त होत राहिले आणि त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. नव्याने येणारा तरुण तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबतो. त्याचे दरमहा सहा हजारांवर दीर्घकाळ थांबलेले मानधन २०२३ मध्ये सोळा हजार झाले. विज्ञान शाखेची पदवी आणि बी.एड. असलेला हुशार तरुण एवढ्यावर दुर्गम तालुक्यात का जाईल, या प्रश्नाचे उत्तर शासनाकडे नाही. निदेशकांची अवस्था तर त्याहून बिकट. तुटपुंज्या मानधनावर कधी नेमणूक, कधी खंड, अशा स्थितीत चित्रकला, संगीत आणि व्यायाम हे विषय बहुतेक शाळांत वेळापत्रकापुरतेच उरले आहेत. खेळाचा तास हा गरीब मुलाला शाळेकडे खेचून आणणारा सर्वांत बलवान दोर असतो, हे शाखेत जाणाऱ्या कोणाही स्वयंसेवकाला समजावून सांगावे लागणार नाही.

त्यात पुन्हा जो शिक्षक प्रत्यक्ष शाळेत असतो, तो वर्गात किती वेळ असतो? जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे कायद्याचे २७ वे कलम सांगते. परंतु मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, संगणकावर भरावयाची अनंत प्रकारची माहिती आणि मुख्याध्यापकाचा प्रभार यांत त्याचा दिवस सरतो. तीन शिक्षकांच्या शाळेत एक प्रभारी मुख्याध्यापक म्हणून कागदांत गुंतला, दुसरा पंचायत समितीत बैठकीला गेला, तर तिन्ही वर्ग तिसऱ्याच्या गळ्यात पडतात. तो भाषेचा पदवीधर असेल तर विज्ञानाचा प्रयोग पुस्तकात वाचून दाखविला जातो. यात त्या शिक्षकाचा अपराध कोणता?

मोजणीत न येणारी मुले

आता ३० सप्टेंबरकडे पुन्हा पाहिले पाहिजे. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात परततात. पालघर, ठाणे, रायगड या जिल्ह्यांतील कातकरी बांधव पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर निघतात. सप्टेंबरअखेर मोजणी होते तेव्हा मूल आपल्या गावच्या पटावर असते. नोव्हेंबरात ते कारखान्याच्या किंवा भट्टीच्या परिसरात पोहोचते. तेथील शाळेची मोजणी होऊन गेलेली असते. म्हणजे ज्या शाळेत मूल अर्धे वर्ष प्रत्यक्ष असते, वा असावयास हवे, तेथे त्याच्यासाठी शिक्षक मंजूर नाही. गावी परतल्यावर त्याचा बुडालेला अभ्यास भरून काढण्यास वेगळे मनुष्यबळ नाही. हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि तिने अनेक मुलांना गावात थोपवून धरले आहे. परंतु सहावी-सातवीतले मूल हे आईबापांच्या लेखी कामाचा हात असते आणि तेच सर्वांत आधी कोपीवर जाते.

दुसरी गाळणी आधारची. २०२२-२३ पासून संचमान्यतेसाठी आधार प्रमाणित झालेले विद्यार्थीच ग्राह्य धरण्याचे धोरण आले. त्यामागील हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात झालेल्या विशेष पटपडताळणीत कागदावरची असंख्य मुले वर्गात आढळली नाहीत. खोटा पट दाखवून पदे आणि अनुदाने लाटणाऱ्या संस्थाचालकांनी शिक्षणक्षेत्राला जो काळिमा फासला, त्यावर काही कठोर उपाय होणे आवश्यकच होते. परंतु शिक्षा झाली ती भलत्यालाच. शहरातल्या मुलाकडे जन्मदाखला असतो, आधार असते, नावाचे स्पेलिंगही जुळते. पालावर जन्मलेल्या पारधी किंवा मसणजोगी मुलाकडे यांतले काहीच नसते, किंवा असले तर एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरे असते. ते मूल रोज वर्गात येते, शिक्षक त्याला शिकवतो, खिचडीच्या रांगेत ते उभे राहते. पण शिक्षकपदाच्या हिशेबात ते अस्तित्वात नसते. खोट्या मुलांना वगळण्यासाठी लावलेल्या चाळणीतून खरी मुले गळून पडावीत, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सहा-सात मुलांसाठी शाळा चालवणे राज्याच्या तिजोरीला परवडणारे आहे काय? २०२३ मध्ये समोर आलेल्या आकडेवारीनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सातवीच्या वर्गात दोनच मुले असतील, तर त्या मुलांनाही सोबतीची स्पर्धा, गटाने करावयाचा प्रयोग, खो-खोचा संघ यांतले काही मिळत नाही. पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळांचे प्रयोग या विचारातूनच पुढे आले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी समूह शाळा हा काही ठिकाणी योग्य पर्याय ठरू शकतो. मात्र त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी खात्रीचे वाहन, जेथे डोंगर-नदी आडवी येते तेथे वसतिगृह, मुलींसाठी सोबत आणि सुरक्षितता. नंतर शाळेचे स्थलांतर. प्रत्यक्षात आधी शिक्षक जातो, मग वर्ग ओस पडतो आणि वाहन कागदावरच राहते. आठवीतल्या मुलीला चार किलोमीटर एकटीने चालावे लागले, तर तिचे आईबाप शाळेऐवजी तिच्या लग्नाचा विचार करू लागतात. बालविवाहाविरुद्ध कितीही कायदे केले तरी त्याची पहिली पायरी येथे रचली जाते.

धोरण आहे, अंमल हवा

आश्चर्य असे, की या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहून ठेवलेले आहे. २०२० च्या या धोरणाने सहावी ते आठवी हा टप्पा 'मध्यम स्तर' म्हणून स्वतंत्र मानला आहे आणि तेथे विषयतज्ज्ञ शिक्षकांची अपेक्षा धरली आहे. शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण असावे, असेही ते सुचविते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा आणि जेथे सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास मुलांची संख्या मोठी आहे, अशा भागांत हे प्रमाण पंचवीसास एक असावे, असे या धोरणात स्पष्टपणे म्हटले आहे. वर्गात कोण बसले आहे हे पाहून शिक्षक द्यावा, हे तत्त्व देशाने स्वीकारलेले आहे. मग राज्याच्या संचमान्यतेत ते का उतरत नाही? राष्ट्रीय धोरणाचे गुणगान करणाऱ्या शासनानेच त्यातील सर्वांत न्याय्य कलम बाजूला ठेवावे, हे समजण्यापलीकडचे आहे. शासन कोणत्याही पक्षाचे असो, त्याला हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. आपला परका हा भेद येथे करता येणार नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. सहावी ते आठवीच्या प्रत्येक शाळेत पटाचा विचार न करता तीन विषयगटांचे तीन शिक्षक असावेत आणि जेथे ते शक्यच नाही, तेथे सोयींसह समूह शाळा असावी. स्थलांतरित मुलांची मोजणी वर्षातून दोनदा, म्हणजे सप्टेंबरात गावी आणि जानेवारीत कारखान्याच्या व भट्ट्यांच्या परिसरात व्हावी. आधार नसलेल्या मुलाची उपस्थिती केंद्रप्रमुखाने समक्ष पडताळून ग्राह्य धरावी आणि त्याचा दाखला मिळवून देण्याची जबाबदारी यंत्रणेने घ्यावी, मुलाच्या अशिक्षित बापावर टाकू नये. भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी. यांतील एकही गोष्ट तिजोरी रिकामी करणारी नाही.

समाजाने काय करावे?

तथापि सर्व काही शासनावर सोपवून स्वस्थ बसणे ही संघटित समाजाची रीत नव्हे. भटके-विमुक्तांची मुले शिकू शकत नाहीत, असे ज्या काळात सर्रास बोलले जात होते, त्या काळात तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या माळरानावर कार्यकर्त्यांनी शाळा आणि वसतिगृह उभे केले. पारधी मुलांनी तेथे शिकून दाखविले. ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का ब्रिटिशांनी मारला, त्यांच्या घरांतून शिक्षक आणि कार्यकर्ते निर्माण झाले. त्या उदाहरणातून एक गोष्ट सिद्ध झाली, की मुलांत काही कमी नव्हते. त्यांच्यापुढे उभे राहणारे माणूस तेवढे कमी होते.

प्रत्येक गावी यमगरवाडी उभारता येणार नाही. पण प्रत्येक गावी, प्रत्येक प्रभागात एक सार्वजनिक शाळा आधीच उभी आहे. शिक्षणहक्क कायद्याने तेथे शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊणशे टक्के सदस्य पालक असतात. या समित्या बहुतेक ठिकाणी कागदोपत्री आहेत, कारण मजूर पालकाला बैठकीची सूचना वाचता येत नाही आणि वाचता आली तरी बोलण्याचे धैर्य होत नाही. वस्तीतल्या कार्यकर्त्याने त्या आईवडिलांना त्यांचा अधिकार समजावून सांगणे, रिक्त पदाचा अर्ज लिहून देणे, तो गटशिक्षणाधिकाऱ्यापर्यंत पोहोचवून त्याचा पाठपुरावा करणे, हे राष्ट्रकार्यच आहे. निवृत्त अभियंता, बँक अधिकारी, गृहिणी अशी कितीतरी शिकलेली मंडळी शहरांत आहेत. सेवावस्तीतील अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकविले, तरी कित्येक मुलांच्या गणिताची गाडी रुळावर येईल. मात्र हे सारे शिक्षकाच्या जागी नसून शिक्षकाच्या जोडीला आहे, याचे भान सुटता कामा नये. सेवेने शासनाची जबाबदारी माफ होत नाही.

आणि शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. कुटुंबप्रबोधनाच्या बैठकांत भाषा, भूषा, भोजन यांचा विचार होतो. सामाजिक समरसता हा पंचपरिवर्तनातील विषय म्हणून प्रत्येक शाखेत मांडला जातो. ज्या घरांत हा विचार होतो, त्या घरांतील किती मुले आज सार्वजनिक शाळेत जातात? वर्षातून एकदा वस्तीत जाऊन तिळगूळ वाटणे सोपे आहे. आपल्या मुलाला त्याच वस्तीतल्या मुलाशेजारी रोज सहा तास बसविणे ही समरसतेची खरी परीक्षा आहे. प्रत्येक कुटुंबाला ते आज शक्य होईल, असा आग्रह व्यवहार्य नाही. परंतु एका प्रभागातील दहा कुटुंबांनी जरी ठरवून एका शाळेत आपली मुले घातली, तरी त्या शाळेचा पट सावरेल, तेथील रिक्त पदांचा प्रश्न अधिकाऱ्यांच्या मेजावर पोहोचेल आणि तेथे आधीपासून शिकणाऱ्या मुलांना आपली शाळा गावाने टाकलेली नाही, असे वाटेल.

शाहू महाराजांनी वेगळ्या शाळांना टाळे ठोकून सर्व मुले एका छपराखाली आणली. शंभर वर्षांनंतर, कोणतीही आज्ञा नसताना, मराठी समाजाने स्वखुशीने ती पुन्हा वेगळी केली आहेत. येत्या ३० सप्टेंबरलाही शाळाशाळांतून पट मोजला जाईल. त्या दिवशी आपल्या गावच्या, आपल्या प्रभागातील शाळेत सहावी ते आठवीला किती मुले आहेत, कोणकोणत्या घरांतील आहेत, त्यांना विज्ञान आणि गणित शिकविणारा शिक्षक आहे की नाही, एवढी चौकशी तरी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतः जाऊन करावी. कामाची सुरुवात तेथूनच होईल.